इंजिनचं रंगवलेलं ॲल्युमिनियम कव्हर घरच्या घरी चमकवायचं तर

या कामात नव्या माणसाची पहिली खरेदी बहुतेक वेळा पॉलिशच्या ट्यूबची असते. खरं तर ती सगळ्यात शेवटी लागते. ओतीव ॲल्युमिनियमला चमक येते ती वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात भिजवून घासायच्या सँडपेपरने. बफ (पॉलिशचं फिरतं कापडी चाक) आणि पेस्ट शेवटची धूसर झाक तेवढी काढतात. खाली ३२० नंबरच्या पेपरचे चरे राहिले असतील तर वर कितीही महागडी पेस्ट घासा, चकचकीत चरे दिसतील, एवढंच. म्हणून इथे पेपरबद्दल जास्त आणि पॉलिशबद्दल कमी वाचायला मिळेल.

डोळ्यांसमोर मोटरसायकलचं क्लच कव्हर किंवा मॅग्नेट कव्हर ठेवलंय. कारचं व्हॉल्व्ह कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड यांनाही हीच रीत लागू पडते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनच्या सिलिंडर-हेडच्या फिन्सच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. फिन्सच्या फटींत हात नीट पोचत नाही, आणि चकचकीत ॲल्युमिनियम काळ्या रंगाच्या मानाने उष्णता फारच कमी उत्सर्जित करतं. तिथली बरीचशी उष्णता वाहता वारा नेतो हे खरं, तरीही तो रंग आहे तसा राहू देण्यात शहाणपण आहे. फार तर फिन्सच्या बाहेरच्या कडा घासा. काळ्या फिन्स आणि उजळ कडा ही जोडी दिसतेही छान.

पार्ट नक्की कशाचा आहे?

आधी वर काय थापलंय ते बघायचं. आतल्या, न दिसणाऱ्या कडेला थिनरमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ पडून बोळ्यावर उतरला तर तो साधा स्प्रे पेंट, काम सोपं. काहीच फरक पडला नाही तर भट्टीत भाजलेला रंग किंवा पावडर कोटिंग आहे असं समजा. तिसरा प्रकार फसवा. पार्ट उघड्या धातूचा वाटतो, पण वर पारदर्शक लॅकर असतं. पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन घासा. फडकं काळं पडलं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर मध्ये लॅकर आहे, आणि ते उतरेपर्यंत पुढची सगळी मेहनत वाया.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात. काही इंजिनांची कव्हरं ॲल्युमिनियमची नसून मॅग्नेशियमची असतात. रंगाखाली दोन्ही सारखीच दिसतात. मॅग्नेशियमचा कीस आणि धूळ पेट घेते, आणि पेटलेल्यावर पाणी टाकलं तर आग आणखी भडकते. कव्हरच्या आतल्या बाजूला ‘एमजी’ किंवा ‘एझेड ९१’ अशी रोमन अक्षरं ओतलेली आहेत का ते बघा. आकाराच्या मानाने पार्ट फारच हलका लागला तरी शंका घ्या. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७. खात्री करायला आतल्या कोपऱ्यात कानशीने जरासा धातू उघडा करा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे फसफसले तर मॅग्नेशियम. थेंब शांत बसला तर ॲल्युमिनियम. मॅग्नेशियम निघालं तर घरी घासायचा विचार सोडा, साफ करून पुन्हा रंगवा.

तिसरं, ओतकाम कसं झालंय ते. बहुतेक कव्हरं डाय-कास्ट असतात, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात प्रचंड दाबाने भरलेला असतो. पृष्ठभाग बऱ्यापैकी गुळगुळीत येतो, पण चांगला घट्ट धातू वरच्या पापुद्र्यातच असतो. हा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याखाली वायूने पडलेली बारीक छिद्रं लपलेली असतात. हावरटपणे खोल घासलं की ती उघडी पडतात, आणि आणखी घासून ती जात नाहीत, उलट नवी दिसायला लागतात. वाळूच्या साच्यात ओतलेला पार्ट खरखरीत आणि सहसा जाड असतो. तिथे सुरुवात रांगड्या पेपरने करावीच लागते आणि वेळही खूप जातो.

याच ओघात अपेक्षांचंही बोलून घेऊ. डाय-कास्टच्या मिश्रधातूत साधारण ८ ते १२ टक्के सिलिकॉन असतं, शिवाय थोडं तांबं. त्यामुळे पॉलिश केल्यावर किंचित करडी, निळसर झाक राहते. ठोकळ्यातून कापून काढलेल्या भागांसारखी पांढरीशुभ्र चमक त्याला येणार नाही, आणि तो तुमच्या हाताचा दोष नाही.

खोलताना

ऑइल काढा, कव्हर खोला. बोल्टची लांबी जागोजागी वेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, ज्या जागचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आटे जातात किंवा केसिंग तडकतं. जुन्या जपानी गाड्यांवर जे चौफुलीचे स्क्रू दिसतात ते साध्या फिलिप्सचे नसतात. साधा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खाचा खातो, तेव्हा जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा वापरा आणि अडलं तर इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा ठोका. डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या खुंट्या), ऑइल सील, तपासणीची काच, ओ-रिंग असं सगळं काढून डबीत ठेवा. इंजिनचं उघडं तोंड स्वच्छ प्लास्टिकने झाका, आणि घासकाम त्याच्या आसपास करू नका.

मग रॉकेल किंवा डीग्रीझरने तेल-चिखल काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा. तेलकट पार्टवर पेंट रिमूव्हर नीट चालत नाही आणि वॉटर पेपर तर लगेच भरतो.

एक जागा अशी आहे की तिला पेपरचा स्पर्शही होता कामा नये. ती म्हणजे पॅकिंग बसतं तो सपाट काठ. तिथे हाताने घासलं तर कडा गोल होते, पॅकिंगला नीट टेकू राहत नाही आणि तिथूनच तेल पाझरायला लागतं. चिकटलेलं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. रंग उतरवून झाला की त्या काठावर जाड मास्किंग टेपचे दोन थर चढवा. बेअरिंगच्या बैठका, सीलची जागा आणि आट्यांची भोकंही बंद करा.

रंग उतरवणं

घासून रंग काढायचा मोह आवरा. पेपर रंगाने भरून फुकट जातो, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ छातीत जाते. जेलसारखा, ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला पेंट रिमूव्हर घ्या. मिथिलीन क्लोराइड असलेले रिमूव्हर झटपट काम करतात, पण त्यांची वाफ जीव घेऊ शकते. अमेरिकेत २०१९ साली घरगुती ग्राहकांना त्यांची विक्री करायला बंदी आली ती अशाच मृत्यूंमुळे. बेन्झाइल अल्कोहोलवाले सावकाश चालतात. चालू दे सावकाश.

थर जाड द्या, सारखा ब्रश फिरवू नका, आणि वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा म्हणजे तो वाळत नाही. डब्यावर दिलेला वेळ झाला की रंग सुरकुतून वर येतो. प्लास्टिकच्या पट्टीने लोटा, कोपऱ्यांत पितळी किंवा नायलॉनचा ब्रश चालवा. पावडर कोटिंगला हेच दोन-तीनदा करावं लागतं. रसायन चालेल असे हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा इथे हवीच.

काय वापरू नये हेही ऐका. कॉस्टिक सोडा आणि तो असलेले ओव्हन क्लीनर रंग काढतात, हे खरं. पण ते ॲल्युमिनियमही खातात. धातू काळा पडतो, पृष्ठभाग खवल्यांसारखा होतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. मीठ-आम्लाचं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचंही तेच. लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडी काथ्याही नको. त्यांचे कण मऊ धातूत रुततात आणि काही दिवसांनी तिथे तपकिरी ठिपके उमटतात. वाळूच्या फवाऱ्याने रंग काढून घेण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. बाहेरून सुंदर दिसतं, पण ऑइलच्या नळीत अडकलेले चार कण बेअरिंगचा निकाल लावतात. शिवाय फवाऱ्याने आलेला खरखरीतपणा पुन्हा घासावा लागतोच.

कव्हरवर कंपनीची अक्षरं किंवा खोलगट पट्टे असतील तर तिथला रंग शाबूत ठेवायचा विचार जरूर करा. टेपने झाकून रिमूव्हरपासून वाचवा, किंवा सगळा रंग काढून शेवटी खोलगटात नव्याने भरा. सगळं कव्हर चकचकीत करण्यापेक्षा उंचवटे उजळ आणि खोलगट भाग काळे, हे मला तरी जास्त देखणं वाटतं. खोबणीत पेपर घालून बोटं सोलायचंही वाचतं.

कानस आणि वॉटर पेपर

साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक उंच रेघ असते. ती बारीक कानशीने सपाट करा. ॲल्युमिनियम मऊ असल्याने कानशीच्या दातांत भरून बसतं, आणि तो अडकलेला कीसच पुढे खोल ओरखडे काढतो. कानशीवर आधी खडू घासा आणि दर थोड्या वेळाने ब्रशने दात साफ करा.

आता पेपर. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नंबरांच्या दोन पद्धती आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नंबराआधी ‘पी’ असलेला १२०० आणि ‘पी’ नसलेला ६०० हे जवळपास एकच. दोन कंपन्यांचे पेपर मिसळले की बारीक समजून घेतलेला पेपर नेमका नवे चरे पाडतो. शक्यतो सगळे एकाच पद्धतीचे घ्या. खालचे नंबर ‘पी’ पद्धतीचे आहेत.

सुरुवात कुठून करायची? जे चालेल त्यातल्या सर्वांत बारीक पेपरने. डाय-कास्ट गुळगुळीत असेल तर ३२०. खोल ओरखडे किंवा दगड लागल्याच्या खुणा असतील तर २२०. वाळूच्या ओतकामाला १२०. मग २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि हौस असेल तर २०००. मधला एखादा नंबर गाळला तर वेळ वाचत नाही, पुढच्या पेपरला दुप्पट राबावं लागतं.

पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे कीस वाहून जातो आणि धूळ उडत नाही. सपाट भागावर पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे खळगे पडतात, ते आत्ता दिसत नाहीत आणि पॉलिश झाल्यावर प्रतिबिंब हलायला लागतं. गोलाईवर पातळ स्पंज किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकळ्याऐवजी चालतो. कडांवर हात हलका ठेवा, तिथला धातू सगळ्यात आधी झिजतो. दाब देऊ नका; पेपर कापेनासा झाला तर दाबायचं नाही, बदलायचा.

आता मुख्य युक्ती. प्रत्येक नंबराला दिशा बदला. ३२० उभा चालवला तर ४०० आडवा चालवा. मग आधीच्या नंबराचे चरे नव्या चऱ्यांना काटकोनात उठून दिसतात, आणि ते सगळे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. तपासायची पद्धत अशी: पार्ट धुवा, पूर्ण कोरडा करा आणि खोलीतला एकच दिवा ठेवून त्याच्या उजेडात तिरका धरा. ओला पार्ट नेहमी छान दिसतो, त्यावर विश्वास नको. कोरड्या पार्टवर ४०० ची मऊ, आडवी, राखाडी पोत दिसेल, आणि तिच्यातून एखाददुसरी पांढरट रेघ उभी गेलेली असेल. ती ३२० ची. तेवढीच एक रेघ घासत बसलात तर तिथे खळगा होतो, आजूबाजूचा तळहाताएवढा भाग सोबत घ्या.

नजर अजून बसली नसेल तर काळा मार्कर घ्या. नवा पेपर सुरू करण्याआधी सगळ्या पृष्ठभागावर मार्करच्या तिरक्या रेघा मारा. घासता घासता शाई जाते. जिथे ती राहिली तिथे पेपर पोचलाच नाही, किंवा तिथे खड्डा आहे. २२० वर असताना अशी शाई टिकून राहिलेला ठिपका दिसला तर तो घालवायचा की सोडायचा हे तिथेच ठरवा. १००० वर गेल्यावर ठरवलं तर पुन्हा २२० पासून यावं लागतं. आणि ठिपके एकटेदुकटे नसून चाळणीसारखे पसरले असतील तर थांबा, पापुद्रा संपलाय. अशा पार्टला ६०० वर थांबवून एकाच दिशेने घासलेली मंद, रेशमी झाक द्या. ती बरी दिसते, छिद्रं झाकते आणि राखायलाही सोपी.

नंबर बदलताना पार्ट, ठोकळा, हात आणि पाणी, सगळं बदला किंवा धुवा. २२० चा एक कण १००० च्या कामात आला की त्याची सही उमटतेच. हाताने काम केलं तर मध्यम आकाराच्या कव्हरला एक सुट्टी पुरत नाही.

बफ

१००० किंवा १५०० नंतर पार्ट धूसर आरशासारखा दिसायला लागतो. इथून पुढे नुसत्या हाताने, पेस्ट आणि सुती फडक्याने जाता येतं. वेळ लागतो, पण घरात मशीन नसेल तर तोच मार्ग बरा. मशीन असेल तर कामाचे दोन टप्पे. शिवलेल्या, कडक सुती चाकावर तपकिरी ट्रिपोली कंपाउंडने (घासणाऱ्या पुडीच्या मेणकट वडीने) आधी कापायचं, मग सैल सुती चाकावर पांढऱ्या कंपाउंडने चमक आणायची. प्रत्येक कंपाउंडला वेगळं चाक, आणि मध्ये पार्ट पुसून घ्या. फिरत्या चाकाला कंपाउंडची वडी क्षणभर टेकवली की पुरे. जास्त झालं तर पार्टवर काळे चिकट पट्टे येतात. ते आले तर पार्टवर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर टाकून मऊ फडक्याने पुसा, चिकटपणा ओढून घेते.

खोबणीत आणि अक्षरांभोवती ड्रिलला लावायचे लहान फेल्टचे बफ वापरा. पार्ट सारखा हलता ठेवा. एकाच जागी धरलं तर धातू तापून ओढला जातो, छिद्रांच्या मागे शेपटीसारखे पट्टे उमटतात, आणि तुम्हाला तो हातात धरवतही नाही.

या सगळ्या कामात माणूस जखमी होतो तो इथेच. दीडशे मिलिमीटरचं चाक मिनिटाला २८५० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. कव्हरची टोकदार कड त्यात अडकली की पार्ट हातातून सुटून थेट पायावर किंवा भिंतीवर. म्हणून पार्ट नेहमी चाकाच्या खालच्या अर्ध्या भागाला, मध्यरेषेच्या जरा खाली टेकवायचा, आणि चाक कडेवरून बाहेर जाईल असा धरायचा, कडेवर चढेल असा कधीच नाही. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, अंगठी नको. सुती किंवा विणलेले हातमोजेही नकोत, चाक ते आत ओढतं. डोळ्यांना बंद चष्मा, नाकाला धूळ अडवणारा मास्क.

ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलं जातं त्याच ठिकाणी ॲल्युमिनियमची धूळ साचू देऊ नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ, लोखंडाचा गंज आणि ठिणगी एकत्र आली तर ती आग आवरत नाही. आणि ओल्या घासकामाचा गाळ हवाबंद डब्यात भरून ठेवू नका, त्यातून हायड्रोजन सुटत राहतो.

धुणं, राखणं, बसवणं

चमक बघून पार्ट लगेच गाडीवर चढवायची घाई होते. आधी टेप काढा आणि गरम साबणाच्या पाण्याने आतबाहेर धुवा. कंपाउंड मेणकट असतं, गार पाण्याने जात नाही. ऑइल जाण्याच्या प्रत्येक छिद्रातून बारीक ब्रश फिरवा, हवेच्या झोताने फुंका, आणि पांढरं फडकं आत फिरवून काळं येत नाही ना बघा. येत असेल तर पुन्हा धुवा.

उघडं ॲल्युमिनियम हवेत येताक्षणी अतिशय पातळ ऑक्साइडचा थर धरतं. तो संरक्षकच असतो, पण दमट आणि खारट हवेत पुढे पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि चमक मरते. उपाय दोन: मेण किंवा पारदर्शक लॅकर. लॅकर आकर्षक वाटतं, पण गुळगुळीत पॉलिशवर ते नीट धरत नाही, उष्णतेने पिवळं पडतं आणि एका कडेने सुटलं की त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा गंज पसरतो. मग पुन्हा रिमूव्हर. मी मेणाच्या बाजूचा. कारला लावतात तेच मेण पातळ लावा, सुकू द्या, पुसा. पावसाळी दिवसांत महिन्या-दीड महिन्याने पुन्हा, आणि धूसरपणा आलाच तर पेस्टचा एक हात. इंजिन अगदी तापतं तिथे मेण लवकर उडतं, तिथे धातूसाठीचं सीलंट जास्त टिकतं. ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा जाड थर चढवण्याचा विचार मनात येईल, पण सिलिकॉनवाल्या ओतीव धातूवर ते करडं, मळकट येतं.

बसवताना नवं पॅकिंग, डॉवेल जागेवर, आणि ऑइल सीलच्या ओठाला थोडं तेल. बोल्ट पुठ्ठ्यावरून त्यांच्या जागी, आधी सगळे हाताने, मग समोरासमोर करत दोन फेऱ्यांत घट्ट. सहा मिलिमीटरच्या कव्हर बोल्टला सहसा १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तो आकडा शेवटचा. ऑइल भरा, इंजिन दहा मिनिटं चालवा आणि बंद करून पॅकिंगच्या सगळ्या काठाने कोरडं फडकं फिरवा. पहिल्या तापण्यात कव्हरवर हलका धूर आणि मेणाचा वास येतो, तो उरलेल्या कंपाउंडचा. गार झाल्यावर तिथे पिवळट डाग दिसला तर पेस्टने काढा. बोटांचे ठसे मात्र इंजिन तापण्याआधीच पुसा, नंतर ते भाजून बसतात.